बोलत्या ओठांवर स्नेक टिकवायचा कसा? ॲक्टिव्ह कॉन्टूरने व्हिडिओतला माग

निरंक

ॲक्टिव्ह कॉन्टूर, म्हणजेच स्नेक, ही कडेकडे आपणहून सरकणारी रबरी रेषा, एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. स्थिर चित्रावर ती नीट बसतेही. व्हिडिओ सुरू झाला की काही सेकंदांत ती ओठ सोडून हनुवटीच्या सावलीवर जाऊन बसते, आणि मग अल्फा-बीटाचे (रेषेच्या ताणाचे आणि ताठरपणाचे) आकडे अंदाजाने फिरवणं सुरू होतं. बहुतेक वेळा दोष आकड्यांचा नसतोच. ओठाच्या खऱ्या कडेपेक्षा शेजारची खोटी कडा जास्त ठळक असते, म्हणून रेषा तिकडे जाते. या धाग्यात फक्त बोलणाऱ्या माणसाच्या ओठांपुरतं बोलू. पद्धत जिथून आली तिथलंच हे उदाहरण आहे: कास, विटकिन आणि टर्झोपूलोस यांच्या १९८८ च्या मूळ लेखात स्नेकने बोलणाऱ्याच्या ओठांचा माग काढून दाखवला आहे.

चर्चेसाठी एक मांडणी ठरवून घेऊ. १९२० × १०८० चा व्हिडिओ, सेकंदाला २५ फ्रेम, समोरून चेहरा, ओठांची रुंदी साधारण १८० पिक्सेल. बाहेरच्या कडेचा परीघ ४२० पिक्सेलच्या आसपास येतो. त्यावर ६० बिंदू, म्हणजे दोन बिंदूंत ७ पिक्सेल.

रेषेवर तीन ओढी असतात. ताण, म्हणजे अल्फा, बिंदूंना एकमेकांकडे खेचतो. ताठरपणा, म्हणजे बीटा, वळणं सपाट करतो. तिसरी ओढ चित्राची, कडेकडे नेणारी. पहिल्या दोन ओढी एका मॅट्रिक्समध्ये बसतात: कर्णावर २ अल्फा + ६ बीटा, शेजारच्या दोन जागी उणे (अल्फा + ४ बीटा), त्यापलीकडच्या दोन जागी बीटा. रेषा बंद असल्याने ओळीच्या टोकाशी आलेले आकडे दुसऱ्या टोकाला वळवून लिहायचे. कर्णात गॅमा, म्हणजे बिंदूला जुन्या जागी धरून ठेवणारा आकडा, मिळवा आणि ६० × ६० ची ही मॅट्रिक्स एकदाच उलटी करून ठेवा. मग प्रत्येक फेरीत: नवी जागा = उलटी मॅट्रिक्स × (गॅमा × जुनी जागा + चित्राची ओढ). चित्राची ओढ कमाल १ होईल अशी मापून घेतली आणि गॅमा १ ठेवला, तर कडेच्या ओढीने बिंदू एका फेरीत पिक्सेलपेक्षा जास्त सरकत नाही. अल्फा ०.०५, बीटा ०.२ पासून सुरुवात करा, फ्रेममागे ४० ते ६० फेऱ्या. एका फ्रेमचा शेवट हीच पुढच्या फ्रेमची सुरुवात.

पायथनमध्ये स्किट-इमेज या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीचं ॲक्टिव्ह_कॉन्टूर वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आवृत्ती ०.१८ पासून बिंदू फक्त ओळ-स्तंभ क्रमाने लागतात. जुना क्ष-य क्रम दिला तर त्रुटी येत नाही, रेषा मुकाट आडवी होऊन भलतीकडे बसते. दुसरी गोष्ट, तिथे अल्फा आणि बीटा सगळ्या बिंदूंना एकच मिळतात. ओठांसाठी हे अपुरं का पडतं, ते पुढे येईलच. ओपनसीव्ही या दुसऱ्या लायब्ररीच्या जुन्या सी-आवृत्तीत स्नेकचं फंक्शन होतं, आता ते तिथे नाही. वर दिलेली मॅट्रिक्स स्वतः लिहिली तर चाळीसेक ओळींत काम होतं, आणि प्रत्येक आकडा आपल्या हातात राहतो.

दुर्वा

निरंक, मांडणी उत्तम. पण मॅट्रिक्सच्या आधी उजेड बघायला हवा, निम्मं काम तिथेच होतं किंवा बिघडतं.

छताच्या ट्यूबलाइटखाली खालच्या ओठाच्या तळाशी एक गडद सावली पडते. करड्या चित्रात ही सावली ओठाच्या कडेपेक्षा ठळक असते, म्हणून रेषा खाली घसरते. उजेड समोरून, तोंडाच्या उंचीवर, दोन्ही बाजूंनी आणि पसरट हवा. खिडकीसमोर बसवून पांढरा कागद मांडीवर ठेवला तरी सावली पुष्कळ फिकी होते.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकवर चालणारे आणि स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण लुकलुकी मावते आणि उजेड सारखा राहतो, मग फ्रेम सेकंदाला कितीही असोत. १/६० वर मात्र उजेड वरखाली होऊ शकतो आणि कडा ठरवण्याचे उंबरठे हलतात. जलद ओठांसाठी १/१०० चांगलं, १/५० मध्ये सुटणारा ओठ पुसट येतो. फोनवर एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक करा. बोलताना दात दिसले की ऑटो एक्स्पोजर सगळं चित्र काळवंडवतं.

आता रंग. ओठ आणि त्वचा यांची उजळता जवळजवळ सारखी असते, फरक असतो लालीत. करड्या चित्राऐवजी तांबडा भागिले (तांबडा + हिरवा) हे गुणोत्तर काढा. सावलीत तांबडा आणि हिरवा साधारण एकाच प्रमाणात कमी होतात, त्यामुळे हे गुणोत्तर फार हलत नाही आणि हनुवटीची ती सावली बरीचशी गायब होते. लॅब रंगपद्धतीतला ए घटकही (हिरवा ते तांबडा मोजणारा) चालतो. विड्याने रंगलेले ओठ किंवा गडद लिपस्टिक असेल तर काम आणखी सोपं, फक्त रंग ओठाबाहेर पसरलेला नसावा. पसरला असेल तर रेषा रंगाची कडा दाखवते, ओठाची नाही.

इथे एक अडचण आहे. साध्या व्हिडिओत रंगाची माहिती उजळतेच्या निम्म्याच रुंदी-उंचीने साठवलेली असते. तुमचे १८० पिक्सेल रंगाच्या दृष्टीने ९० च आहेत. म्हणून रंगाने कडा शोधा, पण शेवटच्या दोन-तीन पिक्सेलचा निर्णय उजळतेवर घ्या. मेसेजिंग ॲपवरून फिरून आलेला व्हिडिओ तर घेऊच नका, त्यात चौकोनी ठोकळ्यांच्या कडा तयार होतात आणि रेषा त्यांना चिकटते.

सह्यकडा

ओठांच्या कोपऱ्यांचा मुद्दा निरंक यांनी "पुढे येईल" म्हणून सोडला आहे, तो आकड्यांत मांडतो, कारण तो कळला की सगळे आकडे कळतात.

कोपऱ्यावरचा बिंदू घ्या. त्याच्या दोन्ही बाजूंचे बिंदू ७ पिक्सेलवर, मधला कोन ६० अंश. शेजारच्या दोघांची बेरीज वजा मधल्याची दुप्पट, हा दुसरा फरक सुमारे १२ पिक्सेल येतो. बीटा ०.२ असेल तर त्या बिंदूवर ताठरपणाची ओढ २ × ०.२ × १२, म्हणजे ४.८. चित्राची कमाल ओढ १. चित्र हरणारच. कोपरा आत ओढला जातो आणि ओठ लंबगोल दिसायला लागतात. हसऱ्या चेहऱ्यात हे सर्वांत आधी डोळ्यात भरतं.

यावर उपाय मूळ लेखातच दिलेला आहे: ज्या बिंदूवर टोक हवं, तिथे बीटा शून्य करा. म्हणजे बीटा हा एक आकडा न ठेवता ६० आकड्यांची यादी ठेवायची. त्याने मॅट्रिक्सच्या ओळी बदलतात: दोन जागा अलीकडचा आकडा मागच्या बिंदूचा बीटा, कर्णावर मागचा बीटा + ४ × स्वतःचा + पुढचा, आणि ताण वेगळा. ताणसुद्धा विसरू नका. अल्फा ०.०५ × १२ म्हणजे ०.६, तोही चित्राच्या निम्म्याहून जास्त. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या दुव्यांवर अल्फा ०.०१ पर्यंत खाली आणा.

दुसरा घोळ: बिंदू रेषेवरून घसरत एकीकडे गोळा होतात, कारण कडेलगत पुढेमागे सरकायला त्यांना फारसं काही अडवत नाही. दर फ्रेमला समान अंतरावर पुन्हा वाटा. पण सगळी रेषा एकत्र वाटली तर कोपऱ्याचा बिंदू कोपऱ्यावरून हलतो आणि शून्य बीटा भलत्या जागी लागतो. वरचा ओठ आणि खालचा ओठ वेगवेगळे वाटा, कोपरे जागच्या जागी ठेवून.

मृगजळ

एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा लेव्हल सेट (रेषा बिंदूंनी न धरता चित्रावर पसरलेल्या एका पृष्ठभागाची शून्य पातळी म्हणून धरणारी पद्धत) का नको? त्यात बिंदू गोळा होण्याचा प्रश्नच येत नाही आणि रेषा फुटली, जुळली तरी आपोआप सांभाळली जाते.

निरंक

प्रश्न रास्त आहे. रेषा आपोआप फुटते-जुळते हा लेव्हल सेटचा मोठा गुण आहे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली विभागणाऱ्या पेशींचा माग काढायचा असेल तर तोच वापरावा. पण ओठांना हा गुण त्रासाचा ठरतो. बाहेरची कडा कधीच फुटत नाही, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. मग तिला फुटायची मोकळीक द्यायची कशाला? लेव्हल सेट नाकाखालच्या लाल पुळीलाही स्वतंत्र बेट बनवून धरून ठेवतो.

चॅन आणि व्हेसे यांची २००१ ची लेव्हल सेट पद्धत रेषेच्या आत एक सरासरी आणि बाहेर एक सरासरी धरते. चेहऱ्यावर एका गालाला जास्त उजेड असला की "बाहेर" एका सरासरीत मावत नाही. तरी करून बघायचंच असेल तर स्किट-इमेजमधला मॉर्फॉलॉजिकल प्रकार घ्या, तो झपाट्याने चालतो. गुणोत्तराचं चित्र द्या, ओठांभोवती २५० × १५० चा तुकडा कापून द्या, स्मूदिंग २, फ्रेममागे १० फेऱ्या. पहिल्या फ्रेममध्ये चांगला सुरुवातीचा आकार मिळवायला तो उत्तम आहे. पुढचा माग बिंदूंच्या रेषेने.

गोमंतक_पिक्सेल

आतापर्यंत सगळे बाहेरच्या कडेबद्दल बोलले. खरी परीक्षा आतल्या कडेची, म्हणजे तोंडाच्या उघड्या फटीची, आणि मराठी बोलणाऱ्यांत ती दर शब्दाला येते.

प, ब, भ, म म्हणताना ओठ पूर्ण मिटतात. हा मिटलेला काळ साधारण दहावा भाग सेकंदाचा. २५ फ्रेमला प्रत्येक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे "पापड" मधल्या दुसऱ्या प च्या वाट्याला दोन-तीन फ्रेम. तेवढ्यात आतली बंद रेषा चपटी होऊन वरचे बिंदू खाली आणि खालचे वर जातात, रेषा आठाच्या आकड्यासारखी पिळते. ओठ उघडले की ती उलटीच राहते, आणि बाहेर जाण्याऐवजी आत आवळत जाते. लेव्हल सेटमध्ये तर फट नाहीशी झाली की आतला भागच संपतो, परत उगवायला बीज उरत नाही.

आतली कडा एक बंद रेषा मानूच नका. दोन उघड्या रेषा घ्या, वरच्या ओठाची आतली आणि खालच्या ओठाची आतली, दोन्ही कोपऱ्यांवर बांधलेल्या. प्रत्येक स्तंभात वरची आणि खालची यांतलं अंतर शून्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. गेलं तर दोघींना मधल्या जागी आणून ठेवायचं. सगळ्यात मोठं अंतर २ पिक्सेलच्या आत आलं की "मिटले" अशी खूण करायची आणि दोन्ही रेषा ओठांमधल्या काळ्या रेघेवर ठेवायच्या. ही रेघ शोधणं सोपं असतं: प्रत्येक स्तंभात सर्वांत कमी उजळतेचा पिक्सेल घ्या आणि त्यांतून गुळगुळीत रेषा काढा. मिटलेल्या अवस्थेत चित्राची ओढ बंद ठेवा, फक्त दर फ्रेमला रेघेची जाडी तपासा. ती ३ पिक्सेलपेक्षा रुंद झाली की रेषा पुन्हा मोकळ्या करा. मिटायला २ आणि उघडायला ३, हे अंतर मुद्दाम ठेवलं आहे. एकच आकडा ठेवला तर अवस्था फ्रेमागणिक उघडझाप करते.

आतल्या कडेचा दुसरा त्रास म्हणजे तिची दिशा बदलते. बाहेरच्या कडेवर ओठाकडून त्वचेकडे जाताना लाली नेहमी कमी होते, म्हणून बदलाचं चिन्ह, अधिक की उणे, पक्कं. आत मात्र कधी काळोख, कधी पांढरे दात, कधी जीभ. जीभ ओठाइतकीच लाल, तिथे गुणोत्तरात कडा दिसतच नाही. म्हणून आतल्या प्रत्येक बिंदूसाठी तिन्ही शक्यता तपासा: आत काळोख, आत दात, आत जीभ. जीभ ठरली तर त्या बिंदूचं मोजमाप सोडून द्या आणि शेजाऱ्यांच्या जोरावर रेषा पुढे न्या.

दुर्वा

गोमंतक, फ मुद्दाम वगळलात ते बरं केलंत, त्यावर एक पुस्ती. "फळ" म्हणताना काहीजण ओठ मिटून महाप्राण फ काढतात, तर बरेचजण वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. दुसऱ्या प्रकारात ओठ मिटत नाहीत, पण खालची आतली कडा दातांखाली झाकली जाते. "व"चंही तसंच. "मिटले" आणि "उघडे" याखेरीज "दात ओठावर" अशी तिसरी अवस्था ठेवली नाही तर रेषा दातांच्या खालच्या टोकाला ओठाची कडा समजते.

आणि माग अचूक निघाला तरी सगळं वाचता येईल अशी अपेक्षा नको. प-ब-म ओठांवर सारखेच. "चार"मधला तालव्य च आणि "चाक"मधला दंत्य च हा जिभेचा खेळ, तो आत होतो. उ, ऊ, ओ मात्र छान दिसतात: कोपरे जवळ येतात, रुंदी घटते. चाचणीसाठी "मामा", "आंबा", "ऊस", "ओवी", "भाऊबीज" असे शब्द घ्या. "भाऊबीज" मध्ये मिटणं, उघडणं, गोल होणं, पुन्हा मिटणं आणि फाकणं एका शब्दात येतं.

तिरपी_रेघ

"एका फ्रेमचा शेवट ही पुढच्याची सुरुवात", निरंक यांच्या या वाक्याशी असहमती नोंदवते. २५ फ्रेमला ते पुरत नाही, हिशेब बघा.

ओठांची रुंदी ५० मिलिमीटर धरली तर १८० पिक्सेल म्हणजे मिलिमीटरला ३.६ पिक्सेल. खालचा ओठ सेकंदाला १५० मिलिमीटर वेगाने सुटला तर एका फ्रेममध्ये ६ मिलिमीटर, जवळपास २२ पिक्सेल सरकतो. चित्र ३ पिक्सेलच्या गॉस-फिल्टरने गुळगुळीत केलं तर कडेची ओढ जाणवते ती सहा ते नऊ पिक्सेलपर्यंत. त्यापलीकडच्या रेषेला कडेचा पत्ताच नसतो.

तीन गोष्टी कराव्या लागतात, याच क्रमाने.

डोकं आधी वेगळं काढा. डोळ्यांचे कोपरे आणि नाकाचा पूल इथले दहा-बारा बिंदू ल्युकस-कानाडे या बिंदूंचा माग काढणाऱ्या पद्धतीने पुढच्या फ्रेमवर न्या आणि त्यांतून सरकणं, फिरणं, लहानमोठं होणं एवढंच रूपांतर बसवा. ओपनसीव्हीतलं एस्टिमेट-अफाइन-पार्शल-टूडी हेच करतं आणि चुकार बिंदू गाळतं. ओठांवरचे किंवा गालावरचे बिंदू यात घेऊ नका, ते बोलण्याने हलतात. सगळी रेषा या रूपांतराने उचलून ठेवा. उरतं ते फक्त बोलणं.

मग कडेची ओढ बाजूला ठेवून प्रत्येक बिंदूतून रेषेला लंब अशी रेघ मारा, दोन्ही बाजूंना २५ पिक्सेल, आणि तिच्यावर बरोबर चिन्हाची सर्वांत चांगली कडा शोधा. ब्लेक आणि इसार्ड या संशोधकांच्या मागोव्याच्या पद्धतीचा कणा हाच आहे. दूरची कडा थेट दिसते, आणि चिन्ह तपासल्यामुळे चुकीच्या दिशेची कडा नाकारली जाते. शेवटच्या दहा फेऱ्या नेहमीच्या स्नेकने.

अंदाज बांधायचा असेल तर जपून. मागच्या दोन फ्रेमवरून काढलेला वेग जसाच्या तसा पुढे नेला, तर मिटणारा ओठ प वर धाडकन थांबतो आणि रेषा पलीकडे निघून जाते. वेगाचा निम्मा भागच पुढे न्या, आणि "मिटले" खूण लागताच वेग शून्य करा.

जमलं तर ५० किंवा १०० फ्रेमने चित्रीकरण करा, हे सगळं निम्म्याने सोपं होतं. जुनं दूरदर्शनसारखं इंटरलेस्ड चित्रीकरण (एका फ्रेममध्ये दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक, प्रत्येक क्षणाच्या ओळी म्हणजे एक फील्ड) हाती असेल तर त्यात मुळात सेकंदाला ५० क्षण दडलेले असतात. एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनात यादिफ हा फिल्टर १ या मोडवर चालवा, प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम मिळते. मोड ० वर ठेवलंत तर निम्मे क्षण वाया जातात.

निरंक

मान्य. डोकं वेगळं काढणं हा वगळता न येणारा टप्पा आहे, मूळ पोस्टमध्ये तो हवाच होता.

मृगजळ

लोककला आणि लग्नगीतांच्या व्हिडिओंत नथ येते. वरच्या ओठाचा डावा भाग झाकला जातो आणि मोती चमकतो. तिथे काय करायचं? आणि दाट मिशा?

सह्यकडा

दोन्हींना एकच तत्त्व: जिथे मोजता येत नाही तिथे मोजू नका. तिरपी_रेघ यांनी सांगितलेल्या लंबरेघांवर हे सोपं जातं, कारण प्रत्येक रेघेला स्वतंत्रपणे "नको" म्हणता येतं.

नथ बोलण्याबरोबर डुलते, म्हणून तिचा मुखवटा एकदा काढून भागत नाही. मोत्यांची चमक म्हणजे जवळजवळ पांढरे, रंगहीन पिक्सेल. उजळता (२५५ पैकी) २३० च्या वर आणि लाली जवळपास नाही असे ठिपके दर फ्रेमला शोधा, ४ पिक्सेलने फुगवा, त्यांना छेदणाऱ्या लंबरेघा बाद करा. दातही पांढरे असतात, म्हणून हा शोध वरच्या ओठाच्या आतल्या कडेच्या वरच घ्या. सोन्याची तार राहते, ती लालसर दिसते आणि फसवते. तिला गाठायचा मार्ग म्हणजे शेजारच्या रेघांशी तुलना. एखाद्या रेघेवर सापडलेली कडा दोन्हीकडच्या तीन-तीन रेघांच्या मध्यकापासून ५ पिक्सेलहून दूर असेल तर तीही बाद.

बाद झालेल्या जागी रेषा कशावर तगते? आकाराच्या ज्ञानावर. त्याच माणसाच्या ३० ते ४० फ्रेमवर हाताने रेषा काढा, वेगवेगळ्या उच्चारांच्या, आणि मुख्य घटक विश्लेषणाने, म्हणजे आकार मुख्यतः कसकसा बदलतो ते काढणाऱ्या गणिताने, पहिले पाच-सहा बदल ठेवा. उपलब्ध रेघांवरून ते पाच-सहा आकडे काढले की झाकलेला भाग आपोआप भरतो. चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त रेघा बाद झाल्या तर त्या फ्रेमवर काही ठरवू नका, मागचा आकार धरून पुढे जा आणि फ्रेमवर "अविश्वसनीय" अशी खूण करा.

मिशा वरच्या ओठाची बाहेरची कडाच झाकत असतील तर ती कडा मोजायचा हट्ट सोडा. वरची आतली कडा आणि खालचा पूर्ण ओठ यांवर भागवा.

नवखा_नाही

चेहऱ्यावरचे बिंदू शोधणाऱ्या तयार साधनांत मीडियापाइपची फेस मेश ४६८ बिंदू देते, डीलिब ६८ देतं आणि त्यांतले २० तोंडाचे. मग हे सगळं कशासाठी?

तिरपी_रेघ

सुरुवातीसाठी ते बिंदू जरूर घ्या, पहिल्या फ्रेमला हाताने रेषा काढायचा त्रास वाचतो, आणि माग हरवल्यावर पुन्हा उभं राहायलाही तेच कामाला येतात. पण ते बिंदू स्थिर चेहऱ्यावरही फ्रेमागणिक थोडे थरथरतात, आणि १८० पिक्सेलच्या ओठांत दोन पिक्सेलची थरथर म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. प मिटला की नाही हे त्यातच हरवतं. ते बिंदू जाळं टाकायला, अचूक कडा स्नेकला. दोघांचं भांडण नाही.

निरंक

तपासणीबद्दल कुणी लिहिलं नाही, ते लिहून ठेवतो.

माग पुढे चालवा, मग शेवटच्या फ्रेमच्या रेषेपासून उलटा चालवत पहिल्या फ्रेमपर्यंत या. ज्या फ्रेमवर दोन रेषांतलं सरासरी अंतर ३ पिक्सेलहून जास्त, तिथे दोघींपैकी एक नक्की चुकली आहे. हाताने तपासायच्या फ्रेम इथून निवडा, दर पंचविसावी फ्रेम आंधळेपणाने घेऊ नका. ती बहुतेक वेळा शांत तोंडाची निघते.

हाताने काढलेल्या रेषेशी तुलना करताना क्षेत्रफळाचं छेद-भागिले-संयोग (दोन्ही आकारांचा सामाईक भाग भागिले दोघांचा मिळून व्यापलेला भाग) हे माप एकटं वापरू नका. दोन्ही कोपरे १० पिक्सेल आत आले तरी क्षेत्रफळ जेमतेम बदलतं, कारण ओठ टोकाशी निमुळते असतात. आकडा छान दिसतो आणि "ऊ" व "ई" यांतला फरक निघून गेलेला असतो. रेषेपासून रेषेचं सरासरी अंतर, कोपऱ्यांचं अंतर वेगळं, आणि मिटण्याच्या फ्रेमचा क्रमांक किती फ्रेमने चुकला, असे तीन आकडे लिहा. तिसऱ्यासाठी आवाजाची मदत घेता येते: प च्या स्फोटाचा क्षण ध्वनिलहरीत स्पष्ट दिसतो आणि ओठ त्याच क्षणी सुटतात. आधी टाळी वाजवून चित्र आणि आवाज जुळवून घ्या. फोनच्या व्हिडिओत फ्रेममधला वेळ सारखा नसतो, म्हणून फ्रेम क्रमांक गुणिले ४० असा वेळ काढू नका, प्रत्येक फ्रेमचा नोंदवलेला वेळ वाचा.

गोमंतक_पिक्सेल

टाळी कॅमेऱ्याजवळ वाजवा. आवाज मीटरभर जायला ३ मिलिसेकंद घेतो, ते चालतं. पण सभागृहात मागून घेतलेल्या चित्रीकरणात बोलणारा १५ मीटरवर असला तर आवाज ४४ मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे २५ फ्रेमला एक अख्खी फ्रेम. तिथे टाळी बोलणाऱ्याने वाजवावी.